संगणकाची बाराखडी कोठे शिकावी?

दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे जमले, की मुलांच्या शिक्षणाचा विषय फराळाच्या ताटाइतकाच ठरलेला असतो. पूर्वी त्या चर्चेत डॉक्टर की इंजिनिअर एवढाच प्रश्न असे. हल्ली तेथे 'कॉम्प्युटर'ने ठाण मांडले आहे. मुलगी 'कॉम्प्युटर'ला आहे असे सांगितले, की सांगणाराही तृप्त होतो आणि ऐकणाराही. मात्र त्या मुलीला एक साधा प्रोग्रॅम स्वतःच्या डोक्याने लिहिता येतो का, आणि येत नसेल तर तो तिने शिकावा कोठून, हा प्रश्न चकलीचा घास मोडता मोडता सहसा कोणी काढत नाही.

मी मराठी शिकवते. नगरच्या एका महाविद्यालयात माझी नोकरी अठरा वर्षे झाली. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे, पण एस.टी.च्या थांब्यावर उभे राहिले तर कानावर अजून 'नगर, नगर' हीच आरोळी येते.) तेव्हा मराठीच्या बाईने या विषयात तोंड का घालावे, असे वाचक विचारतील. कारण घरचेच आहे. माझा धाकटा भाऊ पारनेर तालुक्यात शेती करतो आणि त्याची मुलगी माझ्याकडे राहून बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करते. ती पहिल्या वर्षाला असताना एकदा कांद्याची गाडी घेऊन भाऊ बाजार समितीत आला, तो रात्री आमच्याकडे मुक्कामाला राहिला. जेवता जेवता म्हणाला, "ताई, पोरगी म्हणती क्लास लावल्याबिगर निघायचं न्हाई. ३२,००० मागत्यात. कांद्याचा भाव तर तुला ठावा हाये. तू सांग, भरू का?"

मुलगी ताटाकडे बघत म्हणाली, "नाहीतर मी आर्ट्सला जाते, आत्या. मला त्यातलं डोकंच नाहीये."

'आर्ट्सला जाते' हे वाक्य आमच्यासारख्यांनी कसे गिळायचे असते ते आमचे आम्हाला ठाऊक! मी भावाला म्हटले, "एक महिना थांब. पैसे कोठे पळून जात नाहीत." त्या महिन्यात आम्ही दोघींनी जे शोधले आणि जे पडताळून पाहिले, त्याची ही हकीकत.

दुसऱ्या दिवशी मी तिची वही मागितली. अक्षर सुरेख. चाळीसएक प्रोग्रॅम उतरवलेले. दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही हे ओळखणारा प्रोग्रॅम तिने मला न पाहता, एकही अर्धविराम न चुकवता लिहून दाखवला. मी म्हटले, "आता एक ते शंभरमध्ये अशा संख्या किती आहेत तेवढे मोजून दे." ती थांबली. "हे आमच्यात नाहीये."

मला हा आजार परिचयाचा होता. रसग्रहणाची उत्तरे गाईडातून पाठ करून येणारी मुले मी दरवर्षी पाहते. कविता बदलली की त्यांचीही जीभ अशीच टाळूला चिकटते.

मग मी तिला त्याहून सोपे विचारले. पहिली ओळ: अ = ५. दुसरी: ब = ७. तिसरी: अ = ब. चौथी: ब = अ. आता अ किती आणि ब किती? ती म्हणाली, "अ सात, ब पाच. अदलाबदल झाली." वास्तविक दोन्हीही सातच होतात. तिसऱ्या ओळीत अ मधला पाच पुसला गेला. चौथ्या ओळीला तो मिळणार कोठून? एका पातेल्यात दूध आणि दुसऱ्यात ताक असेल, आणि त्यांची अदलाबदल करायची असेल, तर तिसरे रिकामे पातेले लागते, हे स्वयंपाकघरात तिला कोणी शिकवावे लागले नसते.

येथे 'डोकेच नाही' या वाक्याचा निकाल लावला पाहिजे, कारण त्या एका वाक्यापायी कितीतरी मुले, आणि त्यातही मुली, हा विषय सोडतात. २००६ साली इंग्लंडातील मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बॉर्नाट या दोघांनी नेमका असाच, अ = ब या धर्तीचा प्रश्न घेऊन मोठी खळबळ उडवली होती. शिकवणी सुरू होण्यापूर्वीच एक छोटी चाचणी घेतली, की कोणाला प्रोग्रॅमिंग येईल आणि कोणाला नाही ते सांगता येते, असा त्यांचा दावा होता. जगभरच्या अध्यापकांना तो गोड वाटला; नापास होणाऱ्यांचे खापर जन्मजात बुद्धीवर फोडता येत होते ना! पण २०१४ साली बॉर्नाट यांनी स्वतःच तो दावा जाहीरपणे मागे घेतला. दाव्याची गोष्ट सर्वदूर पोहोचली. मागे घेतल्याची गोष्ट तितकी पोहोचली नाही. मी ती आमच्या मुलीला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता साधनांकडे वळू. नगर जिल्हा दुष्काळाचा. पण या विषयातली अडचण दुष्काळाची नसून अतिवृष्टीची आहे. मोबाइल उघडला की सी शिकवणारे शेकडो जण 'मित्रांनो' म्हणून पुढे येतात. त्यातले अनेकजण पडद्यावर भराभर टंकलेखन करतात, प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालतो, आणि पाहणाऱ्याला आपल्यालाच सगळे समजले असा भास होतो. पुरणपोळी लाटताना पाहून पुरणपोळी येत नाही. पण हे पडद्याच्या बाबतीत आपण विसरतो.

शिळे अन्न ओळखण्याच्या दोन खुणा मला लवकरच सापडल्या. त्या कोणत्याही पालकाला पाहता येतील. सी शिकवणारा जर निळ्या पडद्यावर शिकवत असेल आणि पहिल्याच धड्यात 'कोनिओ' नावाची चिठ्ठी जोडून 'क्लिअर स्क्रीन' करायला सांगत असेल, तर तो बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी या जुन्या साधनावर शिकवत आहे असे समजावे. टर्बो सी आले १९८७ साली. सी भाषेचे अमेरिकन प्रमाणरूप ठरले १९८९ साली, आणि त्यात हे 'कोनिओ' नाही. आजच्या साधनांवर, उदाहरणार्थ फुकट मिळणाऱ्या जी.सी.सी.वर, असा प्रोग्रॅम अडतो आणि मुलाला वाटते आपलेच चुकले. दुसरी खूण पायथन या भाषेची. 'प्रिंट' या शब्दापुढे कंस न घालता कोणी शिकवत असेल तर ते पायथनचे दुसरे रूप. त्याची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी बंद झाली.

पुस्तकांचे म्हणाल तर सी भाषेचा आद्यग्रंथ केर्निगन आणि रिची यांचा, १९७८ सालचा. पुस्तक सुरेख आहे. पण ते नवशिक्यासाठी नाही हे त्याच्या प्रस्तावनेतच लेखकांनी सांगून टाकले आहे. आपल्याकडे घराघरांतून जे पोहोचले ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी'. इंग्रजी साधे, बोलल्यासारखे, आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी भरपूर प्रश्न. एकच पथ्य पाळावे. या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्या टर्बो सी धरून लिहिलेल्या आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्त मिळाली म्हणून तसली आवृत्ती घरात आणू नये. आमच्या मुलीकडे हे पुस्तक होते. तिने त्यातली उदाहरणे तेवढी वाचली होती, प्रश्नांना हात लावला नव्हता. मला तर त्या पुस्तकाचा अर्धा प्राण त्या प्रश्नांतच आहे असे वाटले.

माझी खरी उत्सुकता होती ती मराठीविषयी. आपल्या राज्यात एम.एस.-सी.आय.टी.मुळे संगणक खेडोपाडी माहीत झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण तो अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो, त्याला आज्ञा रचून द्यायला नाही. मोटार चालवणे वेगळे आणि इंजिन जोडणे वेगळे. मराठीतून आज्ञा रचायला शिकवणारे जे साधन मला मनापासून आवडले, ते मुंबईच्या आय.आय.टी.चे 'स्पोकन ट्युटोरिअल'. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या साहाय्याने ते उभे केले. साधारण दहा मिनिटांचा एक धडा. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी, पण समजावणारा आवाज मराठी. यामागचा विचार मला शहाणपणाचा वाटतो. नोकरीत पुढे इंग्रजी पडदाच समोर येणार, तेव्हा तो तसाच ठेवायचा. समजण्याचे काम मात्र मातृभाषेवर सोपवायचे. निम्म्या पडद्यावर धडा आणि निम्म्यावर आपले काम ठेवावे, धडा थांबवून तेच आपण करावे आणि मग पुढे जावे, अशी त्याची रीत आहे. सीचे धडे जी.सी.सी.वरच आहेत. आणि सर्वांत चांगले म्हणजे, त्यात शिक्षक मुद्दाम चूक करून दाखवतो. महिरपी कंस मिटवायचे राहिले, अर्धविराम राहिला, की यंत्र काय तक्रार करते आणि ती तक्रार कशी वाचायची, हे समोर दिसते. मोबाइलवरच्या त्या 'मित्रांनो' मंडळींकडे पाहा: त्यांची चूक कधी होतच नाही!

या धड्यांची मराठी कोठे कोठे ताठ आहे, हे मराठीची अध्यापिका म्हणून नोंदवते. पण निवेदकाची अडचणही लक्षात घ्यावी. इंग्रजीत क्रियापद आधी येते, आपल्याकडे वाक्याच्या शेवटी. पडद्यावर कृती उरकून गेली तरी आपले 'करा' अजून यायचेच असते.

पण याच क्रियापदाने मला एक फार मोठी मदत केली. गणितात बरोबरचे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गृहस्थाने रूढ केले. तेव्हापासून 'डावी बाजू बरोबर उजवी बाजू' हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. मग अ = अ + १ हे पाहून शहाण्या मुलाला घाम फुटणारच, कारण बीजगणितात हे साफ खोटे आहे. सीमध्ये ते चिन्ह 'बरोबर' नाहीच. ती आज्ञा आहे. ती मराठीत अशी वाचावी: अ मध्ये आत्ता जे आहे, त्यात एक मिळवून, ते अ मध्ये ठेव. पाहा, आधी उजवीकडचा हिशेब, आणि 'ठेव' सर्वांत शेवटी. यंत्रही नेमके याच क्रमाने काम करते! इंग्रजी वाचन डावीकडून निघते आणि अडखळते. आपल्या वाक्याची ठेवण येथे आयती उपयोगी पडते. हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने त्या चार ओळी पुन्हा 'ठेव' लावून मोठ्याने वाचल्या आणि चौथ्या ओळीला स्वतःच थांबली. "अगं आत्या, पाच तर गेलाच की!"

त्या दिवसापासून आम्ही रोजकीर्द सुरू केली. वहीच्या पानावर प्रत्येक नावाचा एक रकाना, प्रत्येक ओळ चालली की एक नोंद. किराणा दुकानदार ठेवतो तशी. यंत्राला हात लावण्यापूर्वी उत्तर काय येईल ते लिहायचे, मगच प्रोग्रॅम चालवायचा. जुळले नाही तर कोणत्या नोंदीपासून फाटा फुटला ते शोधायचे. फिलिप ग्वो यांनी तयार केलेले 'पायथन ट्यूटर' नावाचे एक फुकट साधन आहे. नाव पायथनचे असले तरी ते सीही जाणते. एकेक ओळ पुढे सरकवत कोणत्या नावात आता काय आहे, ते चित्र काढून दाखवते. ते आम्ही वापरले, पण पडताळ्यासाठी, आधी वही.

आणखी एक खेळ. प्रोग्रॅमच्या ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून विस्कटायच्या आणि क्रम लावायला द्यायच्या. प्राथमिक शाळेत 'वाक्ये योग्य क्रमाने लावा' हा प्रश्न असतो तोच हा! न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली तो प्रोग्रॅमिंगच्या वर्गात आणला. त्यात पाठांतर उपयोगी पडत नाही, आणि कोऱ्या कागदाची भीतीही वाटत नाही.

मधले दोन आठवडे आम्ही सी बाजूला ठेवून कासवामागे गेलो. मुंबईच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक अभिराम रानडे यांचे सी प्लस प्लसवरचे पाठ्यपुस्तक आहे. त्याची सुरुवातच पडद्यावरच्या कासवाला चालवण्यापासून होते. शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, हे चार वेळा कर: झाला चौकोन. कासवाची मूळ कल्पना सीमोर पॅपर्ट यांची. १९६७ सालच्या लोगो या भाषेभोवती ती वाढली. चौकोन जमल्यावर मी म्हटले, आता समभुज त्रिकोण काढ. कोन साठ अंशांचा, म्हणून तिने कासवाला साठ अंश वळवले. पडद्यावर त्रिकोणाऐवजी उघड्या तोंडाची अर्धी षट्कोनी वाटी! ती चिडली. मी तिला अंगणात नेऊन खडूच्या त्रिकोणावरून चालायला लावले. कोपऱ्यावर पोहोचताच तिला कळले, की सरळ तोंड असलेल्या माणसाला तेथे साठ नव्हे, एकशे वीस अंश वळावे लागते. आमच्या शेजारणीने गच्चीवरून हा प्रकार पाहिला आणि काय समजली कोणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिने मुलीच्या तब्येतीची चौकशी केली.

कासवामुळे तिच्या हाती काय लागले? प्रोग्रॅम चुकला तर तो स्वतःच चालून पाहता येतो, हे. मूळ गोष्टी तरी किती असतात! क्रमाने करणे, अट पाहून वाट निवडणे, पुन्हा पुन्हा करणे. कोराडो ब्योम आणि जुझेप्पे जाकोपिनी या दोन इटालियन गणितज्ञांनी १९६६ सालीच दाखवून दिले, की एवढ्या तीन रचनांत कोणतीही आकडेमोड बसवता येते. ३२,००० रुपयांच्या त्या क्लासच्या पत्रकावर मात्र सत्तावीस विषय छापले होते.

महिना संपता भाऊ आला. मुलगी नेमकी 'फेऱ्या'त अडकली होती. लूप एकदा कमी फिरत होता. भावाचे त्या सुमारास डाळिंबाच्या बागेला तारेचे कुंपण चालले होते. मी सहज विचारले, "अरे, शंभर फूट सरळ कुंपण, दर दहा फुटांवर खांब. खांब किती लागतील?"

"अकरा," तो क्षणात म्हणाला. "शेवटचा खांब काय शेजारी देणार हाय? आन् गोल फिरून पहिल्या खांबाला आलं तर दहाच."

मुलीने वहीकडे पाहिले. खांब मोजायचे की दोन खांबांमधली अंतरे, एवढाच तिचा घोळ होता. या चुकीला इंग्रजीतही कुंपणाच्या खांबाचेच नाव आहे, हे मी भावाला सांगितले. "मग आमच्यासारख्याला ठेवा की शिकवायला," तो म्हणाला. पण त्याला आनंद झालेला दिसत होता.

पैशांचे असे झाले: क्लास लावला नाही. १३,५०० रुपयांना एक वापरलेला लॅपटॉप घेतला आणि त्यावर फुकटची लिनक्स प्रणाली घातली. कारण मोबाइलवर धडे ऐकता येतात, प्रोग्रॅम लिहिणे हाल करून घेणे आहे. ज्या मुलांकडे मोबाइलच आहे त्यांनी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला एकही तास सोडू नये. कोणताच क्लास चांगला नसतो असे माझे म्हणणे नाही. पण फी भरण्यापूर्वी एक दिवस बसू द्या म्हणावे, आणि पाहावे: शिकवणारा मुलांना 'आता काय होईल?' असे विचारून थांबतो का, की स्वतःच लिहीत सुटतो?

हल्ली तर यंत्रालाच सांगितले की ते प्रोग्रॅम लिहून देते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून ही नवी सोय झाली आहे. आमच्या मुलीनेही ती वापरून पाहिली. मी अट घातली, की त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचीही रोजकीर्द मांडायची. त्यामुळे तिचा उत्साह आपोआप प्रमाणात राहिला.

नेवासे आमच्याच जिल्ह्यातले. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, तेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तो दाखला येथे देण्याचा मोह मराठीच्या अध्यापकाला होणारच. मी एका गोष्टीपुरताच देते. ज्ञानेश्वरांनी नुसता शब्दाला शब्द ठेवला नाही, दृष्टान्त दिले. संगणकाच्या बाबतीत आपण 'प्रोग्रॅम'ला 'आज्ञावली' म्हणून मोकळे होतो आणि काम झाले असे समजतो. आज्ञावली शब्द उत्तम आहे. पण लूपला लूपच म्हटले म्हणून काही बिघडत नाही, कुंपणाचा दृष्टान्त मात्र मराठीत हवा. आणि तो कोठे संपतो तेही सांगायला हवे. पातेल्यातले दूध दुसऱ्यात ओतले की पहिले रिकामे होते. यंत्रात ब चे अ मध्ये ठेवले तरी ब मध्ये ते राहतेच. हा फरक न सांगणारा शिक्षक दृष्टान्त देऊनही मुलाला फसवतो.

दुसऱ्या सत्रात तिला गुण मध्यमच पडले. पेपरात व्याख्याही होत्या, आणि त्या तिने यावेळी पाठ केल्या नव्हत्या. एक ते शंभरमधल्या मूळ संख्या मोजणारा प्रोग्रॅम मात्र तिने लिहिला. त्या पंचवीस भरल्या. आता पॉइंटरचे प्रकरण सुरू आहे. त्यासाठी कानेटकरांचे पुस्तक पुन्हा काढले आहे, यावेळी शेवटच्या प्रश्नांपासून. घर वेगळे आणि घराचा पत्ता वेगळा, एवढे तिला पटले आहे. पत्ता लिहिलेल्या चिठ्ठीलाही स्वतःचा पत्ता असतो म्हणतात, त्यावर सध्या आमचे दोघींचे भांडण चालू आहे.